पाउचला सूज आणि गोळीचा गुण येईना

अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे मोठे आतडे काढावे लागलेल्या आणि आतच पाउच बनवून घेतलेल्या माणसाचा वर्षभरात एक हिशेब बसलेला असतो. दिवसाला पाच-सहा वेळा संडास, रात्री फार तर एकदा. ठाण्याहून सकाळची लोकल पकडायची तर किती वाजता उठायचे, लग्नाच्या जेवणावळीत कशाला हात लावायचा नाही, हे सगळे अंगवळणी पडलेले असते. मग कधीतरी दोन-तीन दिवसांत तो हिशेब कोलमडतो. आकडा बारा-पंधरावर जातो, लागली की थांबवत नाही, ओटीपोटात कळा येतात, झोपेत कपडे खराब होतात. डॉक्टर पाउचला सूज आल्याचे, म्हणजे पाउचायटिसचे निदान करतात आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा मेट्रोनिडाझोल लिहून देतात. बहुतेकांना काही दिवसांतच उतार पडतो. ज्यांना पडत नाही, किंवा पडतो तो फारच सावकाश, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी पाउच म्हणजे काय ते थोडक्यात. मोठे आतडे आणि गुदाशय काढल्यावर लहान आतड्याचे शेवटचे टोक दुमडून, शिवून त्याची एक साठवणपिशवी करतात आणि ती गुदद्वाराला जोडतात. स्वीडनचे शल्यविशारद निल्स कॉक यांनी १९६९ मध्ये आतड्याची पिशवी बनवून दाखवली, पण तिचे तोंड पोटावर उघडत होते. १९७८ मध्ये लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील ॲलन पार्क्स आणि जॉन निकोल्स यांनी ती गुदद्वाराला जोडली आणि माणूस पुन्हा नेहमीच्या वाटेने शौचाला जाऊ शकला. त्यांची पिशवी तीन पदरांची होती. जपानच्या उत्सुनोमिया यांनी १९८० मध्ये दोन पदरांची, इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी सोपी रचना मांडली आणि आज जगभर बहुतेकांना हाच जे-पाउच असतो. त्याचा एकेक पदर साधारण १५ ते २० सेंटिमीटरचा.

लहान आतड्याचे काम अन्नरस पुढे ढकलण्याचे. पाउचमध्ये त्याच आतड्याला मळ धरून ठेवायला लावलेले असते. वाहत्या ओढ्याला बांध घातल्यावर पाण्याची जात बदलते, तसे इथे होते: मुक्काम वाढला की जिवाणूंची संख्या वाढते, त्यांचे प्रकार बदलतात आणि आतड्याचे अस्तरही हळूहळू मोठ्या आतड्याच्या अस्तरासारखे वागू लागते. कोलायटिसवाल्यांपैकी निम्म्या जणांना तरी कधी ना कधी पाउचायटिस होतो. गंमत अशी की आनुवंशिक पॉलिप्सच्या आजारासाठी हीच शस्त्रक्रिया, हाच पाउच ज्यांना करतात, त्यांना तो क्वचितच होतो. म्हणजे दोष एकट्या साचण्याचा नाही. जिवाणूंवर अकारण चवताळण्याची प्रतिकारशक्तीची जी खोड मूळ आजारात होती, ती मोठे आतडे गेले तरी शरीरातच राहिलेली असते. अँटिबायोटिक जिवाणूंचा भार कमी करते. ही खोड ते मोडू शकत नाही. गुण कधी पटकन येतो आणि कधी येतच नाही, याची मेख इथे आहे.

या औषधांमागचा पुरावा वाटतो तितका भक्कम नाही, हेही सांगायला हवे. सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि मेट्रोनिडाझोल यांची समोरासमोर तुलना करणारा जो २००१ चा अभ्यास सगळे सांगतात, त्यात अवघे १६ रुग्ण होते. त्यात सिप्रो सरस ठरले आणि त्रासही कमी झाला, म्हणून बरेच डॉक्टर आधी तेच देतात. हा पुरावा तोकडा आहे, तरी चाळीसेक वर्षांच्या अनुभवावर उपचार उभा आहे आणि तो बहुतेकांना लागू पडतो. नेहमीचा कोर्स दोन आठवड्यांचा. पहिल्या तीन-चार दिवसांत धावपळ थोडी कमी व्हावी, रात्रीची झोप सुधारावी, अशी अपेक्षा असते. आठवडा उलटूनही तसूभर फरक नसेल तर चौदा दिवस संपायची वाट न बघता डॉक्टरांना कळवावे. चार आठवडे उपचार करूनही सूज हटली नाही तर तिला अँटिबायोटिकला दाद न देणारा पाउचायटिस म्हणतात आणि तिथून पुढचा रस्ता वेगळा असतो.

पण इतक्या लांब जाण्याआधी एक साधी गोष्ट तपासावी. गोळी नक्की कशाबरोबर घेतली जाते आहे? आपल्याकडे पोट बिघडले की घरातले पहिले दही-ताक पुढे करतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन नेमके दुधातल्या कॅल्शियमशी बांधले जाते आणि अंगी कमी लागते. लोह, झिंक आणि कॅल्शियमच्या गोळ्या, ॲसिडिटीवरची ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमची पातळ औषधे यांचेही तसेच. पाउचवाल्यांपैकी पुष्कळ जण लोह आणि कॅल्शियम रोज घेत असतात आणि सकाळच्या चहाबरोबर सगळ्या गोळ्या एकदम गिळतात. सिप्रो या गोळ्यांच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायचे असते आणि नुसत्या दूध-दह्याबरोबर तर घ्यायचेच नसते. ताक दुपारच्या जेवणात घ्यायला हरकत नाही. मात्र गोळी आणि ताक एकाच ताटावर नको.

दुसरे कारण आपल्या देशात विशेष लागू आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे वार्षिक अहवाल पाहिले तर इ. कोलाय या आतड्यातल्या नेहमीच्या जिवाणूवर सिप्रोच्या वर्गातली औषधे किती निष्प्रभ झाली आहेत ते दिसते. सर्दी-तापालाही अँटिबायोटिक मागणाऱ्या समाजात याचे नवल वाटायला नको. वर्षानुवर्षे अधूनमधून सिप्रो घेतलेल्या रुग्णाच्या पाउचमध्ये त्याला न जुमानणारे जिवाणूच उरलेले असू शकतात. अशा वेळी मळाच्या नमुन्यातील जिवाणूंवर कोणते औषध चालते, हे प्रयोगशाळेत तपासून अँटिबायोटिक निवडण्याची पद्धत सेंट मार्क्समध्येच पुढे आली. ही चाचणी आपल्याकडेही होते; मागितली मात्र क्वचित जाते. दोन अँटिबायोटिक्स एकत्र देणे, सिप्रोसोबत टिनिडाझोल देणे, रिफॅक्सिमिन वापरणे, असे पर्यायही आहेत. ती निवड डॉक्टरांची. केमिस्टकडून परस्पर आणखी एक स्ट्रिप आणणे हा पर्याय नव्हे.

औषध बदलाच्या या वाटाघाटी चालू असताना दिवस तर काढायचेच असतात. यात सगळ्यात आधी येते पाणी आणि मीठ. मोठे आतडे रोज लिटर-दीड लिटर पाणी आणि जवळजवळ सगळे मीठ परत शोषून घेत असते. ते नसलेला माणूस बरा असतानाही मिठाच्या काठावर उभा असतो. जुलाब वाढले की लगेच घसरतो. पायात गोळे येतात, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, डोके जड होते. यावर तांब्याने साधे पाणी पीत राहिले की उलट रक्तातले मीठ पातळ होत जाते. शहाळ्याचे पाणी चांगले, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम बेताचे, त्यामुळे एकट्याने ते पुरत नाही. गोड शीतपेये आणि फळांचे पॅकबंद रस तर जुलाब वाढवतात.

जे काम करते ते ओआरएस. लहान आतड्याच्या पेशींवर एक दार असे असते की ज्यातून साखरेचा एक रेणू सोडियमचे दोन आयन सोबत घेऊनच आत येतो आणि त्यांच्यामागे पाणी येते. हे दार मोठ्या आतड्यात नसून लहान आतड्यात असते, म्हणजे पाउचवाल्याकडे ते शाबूत आहे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याच्या साथीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचे पाणी वापरून असंख्य जीव वाचवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे एक लिटरचे पाकीट घ्यावे, ते एक लिटरच पाण्यात पूर्ण विरघळवावे आणि दिवसभर घोट घोट प्यावे. अर्धे पाकीट अंदाजाने ग्लासात टाकणे चुकीचे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती प्यायचे ते आधी विचारून घ्यावे.

कोकणात आणि गोव्यात आजाऱ्याला मिठाची पेज देतात, ती या बाबतीत अगदी शास्त्रशुद्ध आहे. तांदळातला स्टार्च पचून हळूहळू साखर सुटते, सोबत मीठ असते. जुलाब न वाढवता पाणी आत जाते. आजीला यातले रसायन माहीत नव्हते, पण तिने त्यात साखर घातली नाही हेही बरेच झाले.

शरीरात पाणी कमी पडते आहे का, हे लघवीच्या रंगावरून बघा, असे सगळे सांगतात. मेट्रोनिडाझोल चालू असेल तर हा सल्ला फसतो, कारण या औषधाने लघवी गडद, कधी तांबूस तपकिरी होते. घाबरण्याचे कारण नाही. पण मग रंगाऐवजी प्रमाण बघायचे. सहा-आठ तास लघवीच झाली नाही, जीभ कोरडी पडली, उभे राहिल्यावर गरगरले तर सलाइन लागण्याची वेळ आली आहे असे समजावे.

जेवणाचे फार अवडंबर करू नये. मऊ भात, मुगाचे वरण, उकडलेला बटाटा, पिकलेले केळे, टोस्ट, अंडे असे थोडे थोडे, पाच-सहा वेळा. कच्ची कोशिंबीर, मक्याची कणसे, शेंगदाणे, मोड आलेल्या मटकीची उसळ आणि झणझणीत रस्सा काही दिवस बाजूला ठेवावा. जागरणाने थकलेला माणूस चहा-कॉफीवर तगून राहू पाहतो, पण तीही आतडे ढवळतात. संध्याकाळचे जेवण लवकर आणि हलके घेतले तर रात्रीची उठबस थोडी कमी होते. काहींना चमचाभर इसबगोल थोड्याच पाण्यात घेतल्याने मळ घट्ट होतो, काहींचे पोट त्याने फुगते; ज्याचे त्याने पाहावे. जुलाब थांबवणारे लोपेरामाइड पुष्कळ पाउचवाले एरवीही घेतात, पण ताप असेल, रक्त जात असेल किंवा मळाची तपासणी व्हायची असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आता ज्या गोष्टीबद्दल माणूस डॉक्टरांपुढेही बोलत नाही तिच्याविषयी. लहान आतड्यातून येणाऱ्या मळात पाचकरस आणि पित्त असते, म्हणून तो त्वचेला लागला की आग होते. पंधराव्या खेपेला ही आग आतल्या कळेपेक्षा असह्य होते. दर वेळी कोमट पाण्याने हलक्या हाताने धुवावे; जेट स्प्रेचा जोराचा फवारा आणि अँटिसेप्टिक साबण टाळावा. मऊ सुती कापडाने टिपून कोरडे करावे, घासू नये. पूर्ण कोरडे झाल्यावर झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाड थर लावावा. पुढच्या वेळी तो सगळा खरवडून काढायची गरज नसते, वरचा मळ निघाला की पुरे. दिवसातून दोनदा दहा मिनिटे कोमट पाण्याच्या टबात बसल्याने आराम पडतो. झिंक लावूनही लाल, खाजरे, कडेला बारीक पुटकुळ्यांचे चट्टे पसरत असतील तर ती बहुधा बुरशी असते. अँटिबायोटिक्स तिला मोकळे रान देतात. त्यावर वेगळे मलम लागते. रात्री पॅड लावण्यात लाज कसली? झोप मिळाली तर दुसरा दिवस निभतो.

अंगदुखी, कंबरदुखीसाठी घरातल्या डब्यात जी गोळी असते ती या काळात तपासून घ्यावी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या वर्गातल्या वेदनाशामकांमुळे पाउचची सूज वाढू शकते, हटत नसलेल्या सुजेचे ते एकटेही कारण असू शकते. आपल्याकडे सर्रास खाल्ल्या जाणाऱ्या कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन असते हे पुष्कळांच्या गावीही नसते. योग्य मात्रेत साधे पॅरासिटामॉल चालते.

अँटिबायोटिक लांबले की त्याचे स्वतःचे उपद्रव मागे लागतात. मेट्रोनिडाझोलने तोंडाला धातूची चव येते, मळमळते, तेवढे सोसता येते. पण आठवडे-महिने घेतल्यावर तळपायांना मुंग्या किंवा बधिरपणा आला तर ते नसांचे दुखणे असते आणि औषध थांबवले तरी ते जायला वेळ लागतो, कधी पूर्ण जातही नाही. ते चालू असताना दारू वर्ज्य. सिप्रोमुळे टाचेच्या मागची जाड शीर दुखावते, क्वचित तुटते. साठी ओलांडलेल्यांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना हा धोका जास्त. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर एकदम उतरू शकते. यातले काहीही जाणवले की त्याच दिवशी फोन करावा.

आता मूळ मुद्द्याकडे. अँटिबायोटिकला गुण येत नाही तेव्हा रुग्ण विचारतो, “याहून स्ट्राँग काही आहे का?” विचारायला हवे ते असे: “ही पाउचचीच सूज आहे ना?” कारण पंधरा वेळा संडासला जाणे हे एकच लक्षण डझनभर कारणांनी होते आणि बऱ्याचदा पहिले निदान दुर्बीण न घालता, लक्षणांवरूनच झालेले असते. पहिल्या खेपेला ते चालून जाते. गोळी लागू पडली नाही की मात्र पाउचोस्कोपी टाळू नये.

ही तपासणी कोलोनोस्कोपीच्या मानाने किरकोळ आहे. आतडे रिकामे करायला लिटरभर औषधे प्यावी लागत नाहीत, एखादा एनिमा पुरतो, बऱ्याचदा भूलही लागत नाही आणि काही मिनिटांत काम होते. पडद्यावर आधी गुदद्वाराजवळची एक-दोन सेंटिमीटरची पट्टी दिसते. जोडकामासाठी मूळ गुदाशयाची ही कडा बहुतेकदा ठेवलेली असते. फक्त तीच लाल असेल तर तो जुना कोलायटिसच आहे, तिथे अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही, गुदद्वारातून घालायची मेसालामाइनची किंवा स्टेरॉइडची औषधे लागतात. जोड आकुंचन पावला असेल तर मळ पूर्ण बाहेर पडत नाही आणि माणूस पुन्हा पुन्हा जात राहतो. तिथे जोड रुंद करावा लागतो. पुढे पिशवीचे अस्तर. वर टोकाला दोन गोल तोंडे शेजारी शेजारी, मधे एक पडदा: घुबडाने डोळे वटारून पाहावे तसे ते दिसते. सूज पिशवीभर पसरलेली असेल, अस्तर ओलसर-सुजरे, स्पर्शाने रक्त येणारे, ठिकठिकाणी व्रण असलेले असेल तर तो पाउचायटिस. दोनपैकी एकाच पदराला सूज आणि मधल्या पडद्यापाशी रेघ मारल्यासारखी ती थांबलेली असेल तर रक्तपुरवठा कमी पडत असल्याची शंका येते. पाउचच्या वरच्या आतड्यातही लांबवर व्रण असतील, फिस्टुला असेल, तर क्रोन्स या आतड्याच्या आजाराचा विचार करावा लागतो. आणि अस्तर गुलाबी, निरोगी निघाले, तर ती आतड्याची चिडचिड आहे. तिथे आणखी अँटिबायोटिक देणे म्हणजे नुकसानच.

दुर्बिणीसोबत मळात क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचे विष आहे का ते तपासतात, कारण हा जंतू अँटिबायोटिकमुळेच माजतो. बायोप्सीत सायटोमेगॅलो विषाणू शोधतात. आणि आपल्या देशात क्षयरोग विसरून चालत नाही. सिप्रोच्या वर्गातली औषधे क्षयाच्या जंतूवरही थोडीफार चालतात, त्यामुळे क्षय असेल तर तो अर्धवट दबतो आणि निदान लांबते. पुढची औषधे प्रतिकारशक्ती आवरणारी असल्याने ती सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची रक्तचाचणी होते.

हे सगळे तपासून खरोखरच दाद न देणारा पाउचायटिस ठरला तर मार्ग आहेत. आतड्यात उतरून काम करणारे बुडेसोनाइड हे स्टेरॉइड काही आठवडे देतात. त्याने भागले नाही तर जैविक औषधे: इन्फ्लिक्सिमॅब, ॲडालिमुमॅब, वेडोलिझुमॅब. यातल्या वेडोलिझुमॅबची पाउचायटिससाठी खास चाचणी झाली, १०२ रुग्णांवर, आणि २०२३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. १४ आठवड्यांनी खऱ्या औषधाच्या गटात ३१ टक्के रुग्ण आटोक्यात आले, खोट्या औषधाच्या गटात १० टक्के. म्हणजे फरक खरा आहे, पण तीनपैकी दोघांना एवढ्यात पूर्ण आराम पडत नाही हेही खरे. खर्च मोठा असतो, विमा कंपनीशी आधीच बोलून ठेवावे.

प्रोबायोटिकबद्दल हमखास विचारले जाते. बोलोन्यातील डॉक्टरांनी २००० मध्ये ४० रुग्णांवर केलेल्या चाचणीत एका विशिष्ट बहुजिवाणू मिश्रणाने नऊ महिन्यांत १५ टक्क्यांनाच सूज उलटली, ते न घेणाऱ्या सगळ्यांना उलटली. पण ते सर्व रुग्ण अँटिबायोटिकने आधीच बरे झालेले होते. चालू असलेली, हट्टी सूज प्रोबायोटिकने उतरते असे यातून निघत नाही, आणि दुकानातली कुठलीही कॅप्सूल म्हणजे ते मिश्रणही नव्हे.

ताप चढला, पोट दगडासारखे कडक झाले, उलट्या होऊन संडास एकदम बंद पडली किंवा रक्त भळाभळा जाऊ लागले तर वरचे काहीही न करता रुग्णालय गाठावे.

आणि एक विनंती. पाउच नेहमी हाताळणारे डॉक्टर मोठ्या शहरांतही मोजकेच असतात. तातडीच्या विभागातल्या तरुण डॉक्टरने कदाचित एकही पाउच पाहिलेला नसेल. म्हणून एक फाइल तयार ठेवा. त्यात शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद, काढलेल्या आतड्याचा पॅथॉलॉजी अहवाल, आधीच्या दुर्बिणीचे फोटो आणि आजवर घेतलेल्या प्रत्येक अँटिबायोटिकचे नाव, तारखा व गुण आला की नाही याची नोंद असू द्या. पॅथॉलॉजीचे जुने ब्लॉक रुग्णालयाकडे अजून आहेत का तेही विचारून ठेवा. क्रोन्सची शंका आली तर तेच पुन्हा तपासावे लागतात.